पाहुणीचा अर्ज

तिच्या नावातल्या जोडाक्षरापाशी माझी जीभ पहिल्याच दिवशी घसरली. दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा सोडून मी म्हणाले, "जाऊ दे बाई, आजपासून तू आमची पाहुणी." ग्रंथालयात सगळे हसले. तीही हसली. तेव्हा तिला आपली भाषा येत नव्हती, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

नाव चिकटलं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला पाहुणीच म्हणू लागले. ती मला मावशी म्हणायची, तेही मीच शिकवलेलं. माझा स्वभाव तिखट. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की मी भल्याभल्यांची हजेरी घेते, त्यामुळे मला मावशी म्हणायची हिंमत दुसऱ्या कुणाची नव्हती; बाकी सगळ्यांची मी मॅडम. हिचं मात्र मला फार कौतुक. रोज खिडकीजवळच्या टेबलावर बसायची आणि परत आलेली पुस्तकं आपणहून लावून ठेवायची. "पाहुण्यांनी काम करायचं नसतं गं," असं मी म्हणायचे आणि करू द्यायचे.

यंदा मला समावेश समितीची अध्यक्ष केलं. परक्या मुलखातून, परक्या भाषेतून आलेल्या मुलांना कॉलेज आपलं वाटावं म्हणून ही समिती. मी भाषणही झकास ठोकलं. सुट्टीत येणाऱ्या नव्या मुलांना सोबत करायला एक जुना विद्यार्थी नेमायचं ठरलं. ज्याची नेमणूक होईल त्याला वसतिगृहातली खोली सुट्टीभर ठेवता येणार होती. बाकीच्यांनी शनिवारपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

नऊ अर्ज आले. चेहरा पाहून निवड नको म्हणून अर्जावर फोटो लावायचा नाही, हा नियमही माझाच. लेखनिक नावं वाचत होता, तो सातव्या अर्जाशी अडखळला. मी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "ही कोण? हिला कधी पाहिलंसुद्धा नाही. जिला कॉलेजात कुणी ओळखत नाही, ती नव्यांना काय सोबत करणार?" अर्ज बाजूला गेला आणि आम्ही चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली.

"मावशी, माझ्या अर्जात काय चुकलं?"

"अगं, अर्ज केला होतास तर मला सांगायचं नाही का? नऊच तर होते. तुझा नव्हता त्यात."

"होता. मुद्दाम नाही सांगितलं, वशिला नको होता. वाटलं, तुम्ही नाव वाचाल आणि ओळखाल."

तिने ग्रंथालयाचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. त्यावरचं नाव माझ्याच अक्षरात होतं. दोन वर्षांपूर्वी मी ते बघून बघून उतरवलं होतं, वाचलं मात्र नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समितीवर ढकलून मोकळी होण्याचा मोहही झाला, खोटं कशाला सांगू? पण तिच्या तोंडाकडे बघून ते जमेना.

"मीच बाजूला ठेवला," मी म्हणाले. "म्हटलं, ही कोण."

तिने कार्ड परत उचललं. "शनिवारनंतर मी कुठे राहू?"

"माझ्या घरी चल. सुट्टीभर राहा."

"पाहुणी म्हणून?"

तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

मी तडक प्राचार्यांकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ते माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतेच म्हणाले, "तिचं नाव मलाही कुठे माहीत आहे?" मग त्यांनी दुसरी जागा मंजूर केली. नेमणुकीचं पत्र मी हाताने लिहिलं आणि वसतिगृहात गेले.

खोलीत पेटी उघडी होती, अर्धी भरलेली. तिने पत्र घ्यायला हात पुढे केला, पण मी ते दिलं नाही.

"आधी नाव घेते," मी म्हणाले. "चुकलं तर सांग."

पहिल्यांदा चुकलं. तिने सावकाश म्हणून दाखवलं. पुन्हा चुकलं. माझे कान तापले, पन्नाशीत मला कुणी धडा म्हणायला उभं केल्यासारखे. तिसऱ्यांदा जोडाक्षर नीट निघालं.

तिने मान हलवली आणि पत्र घेतलं.

"बरोबर, मॅडम," ती म्हणाली.