मधलं माणूस

सूनबाईने बादलीतून तोंड वर काढलं, टॉवेलने ओठ पुसले आणि पुन्हा दोन रजयांखाली शिरत म्हणाली,

"मी काही येत नाही. इतक्या उंचावर डोकं फुटतंय. तुम्ही दोघी जा."

धर्मशाळेच्या खिडकीपाशी लोकरी मोजे चढवणारी थोरली थांबली. दाराशी बुटाची नाडी बांधणारी धाकटीही थांबली. दोघींनी सूनबाईकडे पाहिलं. एकमेकींकडे नाही.

"तिला विचार," थोरली म्हणाली, "उद्या गेलं तर?"

"त्यांना सांग," धाकटी नाडीकडे बघत म्हणाली, "उद्यापासून देवळाचं दार बंद. थंडी लागली की इथं देवालाही सुट्टी असते."

सूनबाईने रजई कानावर ओढून घेतली.

"आई, काकूंनी सांगितलेलं तुम्ही ऐकलंत. काकू, आईंनी विचारलेलं तुम्हीही ऐकलंत. मला ओकू द्या सुखानं. आता काय सांगायचं ते घोड्याला सांगा."

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एका छपराखाली दोघींचे केस पिकले, आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं अबोल्यात गेली. भांडण म्हणावं तर कधी आवाज चढला नाही. फक्त एकीचं बोलणं दुसरीपर्यंत जायला मध्ये कोणीतरी लागायचं. नवरे होते तेव्हा ते दोघे भाऊ हे काम करत. घरात मांजर होतं तेव्हा पुष्कळसं मांजरावर भागे. कोणीच नसलं तर घड्याळ, दुधाचं पातेलं, खुंटीवरची छत्री. थोरलीला ताप आला की धाकटी तिच्या उशाशी बसून औषधाच्या बाटलीला सांगायची, "वेळेवर घ्यायला हवं कुणीतरी." थोरलीही बाटलीलाच उत्तर द्यायची, "कडू आहेस मेली." मायेत खोट नव्हती. वाट तेवढी बंद होती.

वाट बंद झाली ती एका निरोपावरून. थोरलीच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, त्या दिवशी सकाळी धाकटीच्या माहेरून फोन आला की आई गेली. फोन थोरलीने घेतला. पाहुणे आले, जेवले, त्यांची गाडी वळणाआड गेली, आणि मग तिने धाकटीला सांगितलं. धाकटी माहेरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं तोंडही दिसलं नाही. परत आल्यावर ती दारातच उभी राहून म्हणाली होती, "ज्यांना निरोप पोचवता येत नाही, त्यांनी माझ्याशी बोलू नये. काही सांगायचं असेल तर दुसऱ्याकडून सांगा."

निरोप हा शब्दही मोठा विचित्र आहे. आलेला सांगायचा असतो, आणि जाणाऱ्याचा घ्यायचा असतो. धाकटीला एक मिळाला नाही म्हणून दुसराही राहिला.

आता दोघे भाऊ नव्हते आणि घरही दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. डोंगरावरून खाली उतरलं की थोरली लेकाबरोबर दूरच्या शहरात जाणार होती आणि धाकटी आपल्या भावाच्या गावी, दोन खोल्यांत. म्हातारपणी चौघांनी मिळून या देवाला यायचं, असं दोघींचे नवरे नेहमी म्हणायचे. चौघांतल्या दोघी उरल्या होत्या. यानंतर एका छपराखाली राहणं नव्हतं. मधलं माणूस ठेवायलाही मग दोन टोकं कुठून आणायची, हा विचार धाकटीला प्रवासभर सतावत होता, आणि तिने तो कोणालाच सांगितला नव्हता.

धर्मशाळेच्या पायरीशी घोडेवाला उभा होता. थंडीने गालांना चिरा पडलेला, उतारवयाकडे झुकलेला माणूस. त्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची. बोटं, भुवया आणि घोड्याची पाठ थोपटणं एवढ्यावर सौदा ठरला. थोरली घोड्यावर बसली. धाकटीचे गुडघे अजून शाबूत होते, ती मागून चालत निघाली.

पहिलं वळण मुकाट गेलं. दुसऱ्या वळणावर वाट अरुंद झाली आणि थोरलीला राहवेना.

"सांगा तिला," ती घोडेवाल्याच्या टोपीला म्हणाली, "कडेनं चालू नको म्हणावं. खाली दरी आहे."

घोडेवाल्याने मागे वळून पाहिलं.

"त्यांना सांगा," धाकटी म्हणाली, "दरी मलाही दिसते. आणि त्या घोड्याची आयाळ सोडा म्हणावं. बिचाऱ्याला टक्कल पडेल."

घोडेवाल्याने आता तिच्याकडे पाहिलं. मान हलवली. घोडा पुढे काढला.

"सांगा तिला, शाल डोक्यावरून घे. कान धरतील."

"सांगा, मफलर आहे म्हणावं. डोळ्यांना चष्मा आहे तो कशासाठी?"

असं बरंच चाललं. चहाच्या टपरीपाशी थांबले तेव्हा टपरीवाल्याने घोडेवाल्याला काहीतरी विचारलं. घोडेवाला हसला, दोघींकडे हात केला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला,

"सांगा."

टपरीवाल्यालाही गंमत वाटली. त्याने चहाचा पेला पुढे करत हाक मारली, "सांगा!" आणि घोडेवाल्याने ओ दिली.

तेव्हा दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला. वळणावळणाला ज्या शब्दाने त्याला हाका गेल्या, ते या दोन म्हाताऱ्यांनी आपल्याला ठेवलेलं नाव, अशी त्याची समजूत झाली होती. थोरलीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. धाकटी दरीकडे तोंड करून उभी राहिली, पण तिचा चहा पेल्यात हिंदकळत होता. दोघी एकाच गोष्टीला हसल्या, दोन दिशांना तोंडं करून.

टपरीनंतर झाडं संपली. नुसते दगड, आणि दगडांच्या सांदीत मळकट बर्फ. थोरलीचं बोलणं आधी तुटक झालं, मग थांबलं. धाकटीच्या ते लगेच ध्यानात आलं. इतक्या वर्षांत तिला थोरलीच्या शब्दांपेक्षा तिच्या गप्प बसण्याची पारख जास्त होती. ती पावलं उचलून घोड्याच्या बरोबरीला आली. थोरलीचे ओठ जांभळे पडले होते आणि मान घोड्याच्या चालीबरोबर डुलत होती.

"सांगा, थांबवा," धाकटी म्हणाली, आणि या वेळी त्याला शब्द कळला नाही तरी अर्थ कळला.

शेवटच्या वळणाअलीकडे दवाखान्याचा तंबू होता. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने थोरलीच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, आणि तिला खाटेवर आडवं करून नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. वर जायचं नाही, हे तिने हातानेच सांगितलं. थोडा वेळ इथं, मग खाली.

तंबूच्या फटीतून देऊळ दिसत होतं. इतकं जवळ की घंटा वाजवणाऱ्याचा हात दिसावा. थोरली त्या फटीकडे बघत राहिली. मग मुखवटा बाजूला सरकवून घोडेवाल्याला म्हणाली,

"सांगा तिला, दोघींनी इथं बसून कुणाचं भलं होणार आहे? जा म्हणावं. माझाही नमस्कार घाल."

धाकटी जागची हलली नाही. थोरलीच्या अंगावरचं कांबळं नीट होतं, तरी तिने ते पायाकडून पुन्हा खोचायला घेतलं.

"सांगा तिला," थोरलीने पुन्हा सुरुवात केली, आणि थांबली. "नको. तिला नका सांगू. तुम्हीच ऐका."

घोडेवाला स्टुलावर बसला होता. म्हातारी आपल्याकडे बघते आहे आणि पुढं काही बोलत नाही, म्हणजे आपण काही म्हणायला हवं, असं त्याला वाटलं असावं. त्याने छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला,

"सांगा."

थोरलीने डोळे मिटले.

"त्या दिवशी फोन ठेवला आणि मी सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेले. सांगायलाच गेले होते. ही भांडी विसळत होती. माझी लेक शेजारी उभी राहून, बघायला येणाऱ्या मुलाची फोटोतली ऐट करून दाखवत होती. आणि ही हसत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. त्याच साली हिचं बाळ पोटातच गेलं होतं हो. महिनोन्‌महिने हिचा दात दिसला नव्हता. म्हटलं, हिचं हसून होऊ दे, मग सांगते. हसून झालं तर पाहुणे दारात. मग पानं मांडली. मग ही वाढायला लागली. वेळ एकदा टळली की शब्दाचा दगड होतो. गिळता येत नाही, टाकता येत नाही." तिने श्वास घेतला. "लेकीचं लग्न मोडेल म्हणून नव्हते थांबले. लग्न काय, दुसरीकडे जमलं असतं. त्या हसण्यापाशी थांबले."

घोडेवाल्याने मान डोलावली. डॉक्टरीण आत आली आणि तिने मुखवटा पुन्हा जागेवर बसवून ओठांवर बोट ठेवलं.

कांबळ्याचं टोक धाकटीच्या मुठीत होतं. तिने ते सोडलं. सुरकुतलेलं कापड तळव्याने सारखं केलं, आणि ती तंबूबाहेर पडली.

देऊळ लांबून वाटलं होतं त्यापेक्षा बुटकं निघालं. काळ्या दगडांच्या भिंती, छपरावर दगडी चिपा, आणि आत शिरायला वाकावं लागेल असं दार. आज शेवटचा दिवस म्हणून रांग दाटली होती. ओल्या लोकरीचा आणि कापराचा वास येत होता. धाकटी रांगेत उभी राहिली, पण तिला पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. तिला स्वयंपाकघर दिसत होतं. पुतणीने भुवई उचलून, कॉलर ताठ करून केलेली ती नक्कल तिला स्वच्छ आठवली. हसल्याचंही आठवलं. दारात कोणी उभं होतं का, ते मात्र आठवेना. पाठ होती तिची दाराकडे.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलं तेव्हाचं हसू पुतणीशिवाय कोणी पाहिलंच नाही.

ती आत वाकली. मूर्ती म्हणावी असं काही नव्हतं. डोंगराचाच एक खडक आत शिरून बसला होता, हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेला. लोकरी टोपी घातलेला पुजारी लोकांना पुढे सरकवत होता. धाकटीने आधी थोरलीचा नमस्कार घातला, मग स्वतःचा. आता मागायचं. घरून निघताना तिने पुष्कळ काही योजून ठेवलं होतं, थोरलीच्या प्रकृतीपासून स्वतःच्या सुखाच्या मरणापर्यंत. तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंडातून आपसूक निघालं,

"त्यांना सांग..."

पुढं काही येईना. तिने डोळे उघडले. खडक होता तसाच होता. त्याची काही कुठं जायची तयारी दिसत नव्हती. पुजाऱ्याने तिच्या कोपराला हात लावला आणि ती दुसऱ्या दाराने उजेडात आली.

खाली तंबूत थोरलीचा मुखवटा काढलेला होता. ओठांना थोडा रंग आला होता. उशीला टेकून ती बसली होती आणि घोडेवाला स्टुलावरच पेंगत होता. धाकटीला बघताच थोरलीने त्याच्याकडे मान वळवली.

"सांगा," ती म्हणाली. घोडेवाला दचकून जागा झाला. "विचारा तिला, देवाकडे काय मागितलं?"

"काही नाही मागितलं," धाकटी म्हणाली. "एक निरोप द्यायला गेले होते."

"कोणाला?"

शब्द निघून गेला तेव्हा थोरलीच्या ध्यानात आलं की तो कोणामार्फत गेलेला नाही. तिने घाईने घोडेवाल्याकडे पाहिलं, पण तो टोपी झटकत घोडा बघायला बाहेर निघाला होता.

"तुम्हाला," धाकटी म्हणाली. "देवानं घेतला नाही. म्हणाला, तुमचं तुम्ही बोला."

थोरलीने पाय जवळ ओढून खाटेवर जागा केली.

"मग बोल."

धाकटी खाटेच्या कडेला टेकली. एवढ्या वर्षांचं बोलणं, त्याचं टोक कुठून धरायचं तिला सुचेना. कांबळ्याखाली तिचा हात थोरलीच्या पायांना लागला. तिने दोन्ही तळवे हातांत घेतले आणि चोळायला लागली.

"गार पडलेत पाय तुमचे," ती म्हणाली.

"केव्हाचेच," थोरली म्हणाली.