धावदोरा

प्लास्टरमधला उजवा हात कृष्णाबाईने गोधडीच्या एका टोकावर वजनासारखा ठेवला, दुसरं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि डाव्या हाताने सुई खुपसली. सुई गोधडीतून आरपार गेली आणि तिच्या साडीच्या निऱ्यांतून बाहेर आली. गोधडी आणि कृष्णाबाई एकत्र शिवल्या गेल्या.

"टाका वाकडा जातोय," खिडकीशी बसलेला दगडू म्हणाला.

सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. कृष्णाबाईने दोरा ओढून साडी सोडवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दिवाळीनंतर त्याने होडी विकली होती. तेव्हापासून तो या खिडकीशी बसायचा. मुर्धा गावातल्या या घरातून पूर्वी थेट खाडी दिसायची. आता दोन नव्या इमारतींच्या फटीतून तिची एक चिंधी दिसत होती. तेवढ्या चिंधीकडे तो दिवसभर बघायचा. जेवायला वाढलं तर जेवायचा, विचारलं तर हुं म्हणायचा.

"वाकडा जातोय तर तुमी घाला सरल," ती म्हणाली.

"मी काय बाईमानूस हाय?"

"जाल्याला टाके कोन घालत होतं? मी?"

"जालं येगलं. जाल्याला भोकं असायला लागतात. तुझ्या गोधडीला नसायला लागतात. उलटं काम हाय."

"मग उलटं करा."

दगडू पुन्हा खिडकीकडे वळला. कृष्णाबाईने मुद्दामच मोठा उसासा सोडला आणि पुन्हा सुई उचलली. बाजारात ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं नसतं, तर गोधडी एव्हाना झालीही असती. त्यांचा सूरज तान्हा असताना याच गोधडीवर निजला होता. आता त्याची बायको दिव्या बाळंतपणासाठी डोंगरीला माहेरी गेली होती. बाळ कधीही येईल अशी अवस्था, आणि पेटीतून काढलेल्या गोधडीचे कोपरे कसरीने खाल्लेले, मधला भाग विरून जाळीदार झालेला. कृष्णाबाईने आपल्या मऊ सुती साड्यांचे तुकडे कापून ठेवले होते. ते जागच्या जागी बसवायचे तेवढे राहिले होते.

तिसऱ्यांदा सुई बोटात शिरली तेव्हा दगडू उठला. गुडघे धरत चटईवर येऊन बसला आणि त्याने तिच्या हातातून सुई काढून घेतली.

पहिलं ठिगळ त्याने लावलं ते एखादी होडी बांधून ठेवावी तसं. टाका घातला की गाठ, पुन्हा टाका, पुन्हा गाठ. झाल्यावर त्याने दोन्ही हातांनी ठिगळ ओढून पाहिलं. हललं नाही. त्याच्या तोंडावर समाधान पसरलं.

कृष्णाबाईने त्यावरून गाल फिरवला.

"बालाच्या पाठीखाली हरभरं पेरलंत," ती म्हणाली. "सोडा सगल्या गाठी."

"फाटंल मग."

"ते काय जाल्यातलं पापलेट हाय, जोर लावून सुटायला? एवढंसं बाल. निजनार तेवढंच."

गाठी सोडवायला त्याला त्या मारण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. तो स्वतःच्याच गाठींना शिव्या देत होता आणि कृष्णाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिने आपला डावा हात त्याच्या हातावर ठेवून त्याला धावदोरा शिकवला. खालीवर, खालीवर, उंदराच्या पावलांसारखे बारीक टाके, आणि मध्ये कुठेही न थांबणारा दोरा.

"ओढू नका. सैल सोडा. सुईला मासा न्हाय लागला."

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तो खिडकीशी गेला नाही. चटई त्यानेच अंथरली. शिवता शिवता एका जुन्या निळ्या तुकड्यावर त्याचं बोट थांबलं.

"हा माझा सदरा."

"असंल."

"असंल काय? हाच. खाडीत व्हावून गेला म्हनून सांगितलंस मना. मी दोन दिवस काठावर शोधत फिरलो."

"व्हावून गेला म्हटलं न्हाय तर तुमी आजून घालून फिरला असता. पाठीला एवढं भोक होतं. मंदिरात पन तोच."

दगडूने तो तुकडा बराच वेळ न्याहाळला. मग तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. असं हसताना कृष्णाबाईने त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती घाईने म्हणाली, "शिवा, शिवा. बाल काय थांबनार न्हाय तुमच्यासाठी."

घरातल्या घरात हे चाललं होतं तोवर ठीक होतं. पण एका दुपारी दाराशी बाबुरावची हाक आली. बाबुराव म्हणजे दगडूचा होडीवरचा जुना सोबती. कुणाची काही गंमत कळली की संध्याकाळच्या आत शेजारच्या रायगावापर्यंत पोचवणारा. दगडूने झटक्यात गोधडी गोळा केली आणि तिच्यावर बसला.

"काय चाललंय?" बाबुरावने विचारलं.

"काय न्हाय. बसलोय," दगडू म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी "आई गं!" म्हणून हातभर उडाला. सुई गोधडीतच राहिली होती.

कृष्णाबाई हसून हसून भिंतीला टेकली. बाबुरावने वाकून गोधडी उलगडली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. दगडू लाल तोंडाने चेष्टेची वाट बघत उभा होता.

"तू घातलेस?"

"हां. मग?"

बाबुरावने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माझी बंडी बगशील? काखेत उसवलीय. सुनेला सांगतो तर ती बोलते फेकून द्या, नवीन आनते. आरं, मना तीच पायजे."

बंडी आली. तिच्यामागून बाबुरावची लुंगी आली. मग वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी हंसाबेन तिच्या आईची जुनी बांधणीची ओढणी घेऊन आली. खिळ्याला अडकून ओढणी मधोमध फाटली होती.

"काका, आप करेंगे तो ही दूँगी," ती म्हणाली. "टेलर को नहीं देना है. वो मशीन चला देगा."

दगडूने ओढणी उजेडात धरली. एवढं तलम कापड त्याने आयुष्यात हातात घेतलं नव्हतं. त्याने कृष्णाबाईकडे पाहिलं. तिने सगळ्यात बारीक सुई काढून दिली. त्या दिवशी दोघं जेवायचं विसरली.

गोधडी झाली तशी सूरज ती डोंगरीला घेऊन गेला, आणि चार दिवसांनी मुलगी झाल्याचा फोन आला. मागोमाग फोटो. गोधडीच्या मधोमध मुठी वळून निजलेली, लालबुंद, केसाळ पोर. दगडूने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, फोटो मोठा केला आणि बाजूला सरकवला.

"कोपरा बसलाय बरोबर," तो म्हणाला.

"अवो, पोरीचं तोंड बगा आधी!"

"बगितलं. तुझ्यावर गेलीय." आणि पुन्हा कोपरा.

पुढच्या आठवड्यात कृष्णाबाईचं प्लास्टर निघालं. हाड नीट जुळलंय, सगळी कामं करा, असं डॉक्टरने सांगितलं. घरी आल्या आल्या तिने दोन्ही हातांनी पीठ मळलं आणि तांदळाच्या मोठ्या मोठ्या भाकऱ्या थापल्या. जेवण झाल्यावर दगडूने सुईदोऱ्याचा डबा नीट बंद केला, पुसला आणि तिच्या फळीवर ठेवून दिला.

"आता तू हायस ना," तो म्हणाला.

त्यानंतर तो खिडकीशी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. हंसाबेन नातीचं विचारायला आली तेव्हा तो हुं म्हणाला. सूरजने रविवारी बाळाला बघायला जाऊ म्हटलं, तेव्हाही हुंच. भाजी खारट झाली होती. ती त्याने मुकाट्याने खाल्ली. कृष्णाबाईने ताट उचलताना त्याच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उशीचा अभ्रा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"उसवलाय बगा. मनगटात आजून जोर न्हाय माझ्या. सुई धरवत न्हाय."

दगडूने अभ्रा हातात घेतला. शिवण एका बाजूने वीतभर मोकळी झाली होती. सवयीने त्याने ती उजेडाकडे धरली आणि सुटलेल्या दोऱ्याचं टोक चिमटीत पकडलं. झिजून तुटलेल्या दोऱ्याच्या टोकाला लव सुटते, ते विस्कटतं. जाळं माशाने फाडलंय, खडकाने घासलंय की कुणी सुरी लावलीय, हे तो अंधारात बोटांनी ओळखायचा. या दोऱ्याचं टोक कापल्यासारखं सपाट होतं. त्याने दुसरं टोक पाहिलं. तेही तसंच.

त्याने मान वर केली. कृष्णाबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती आणि अगदी मन लावून खडे वेचत होती. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडत होती.

"लय उसवलाय," दगडू म्हणाला.

"हां ना," सुपातून मान न काढता ती म्हणाली. "जुना झाला."

"टायम लागंल."

"लागू दे."

तो उठला. फळीवरून डबा काढताना क्षणभर तसाच उभा राहिला. मग चटई अंथरून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला,

"दुसऱ्या उशीचा पन आन. त्याचा काय भरोसा न्हाय."