शांतताबाईंची बेल

"पोरी, ती बेल एकदा दाबून बघ हो," शेजारच्या कॉटवरची आजी नातवाला घेऊन घरी जाता जाता म्हणाली होती. चिमीच्या आईने हसून मान डोलावली आणि विषय सोडून दिला. त्यात बघायचं काय? दवाखान्याच्या फाटकावरच्या पाटीवर सगळं रंगवून ठेवलेलं होतं: अपघात विभाग रात्रंदिवस, एक्स-रे, रक्ततपासणी, ऑक्सिजन, रुग्णवाहिका, आणि सगळ्यात खाली, प्रत्येक खाटेशी बेल. कॉलेज शिकलेली बाई ती. पाटीवर आहे म्हणजे आहे, हा तिचा हिशोब.

त्या दुपारी चिमीला सलाईन लावलेलं होतं. जुलाबांनी पोर पार कोमेजली होती, पण आता जरा डोळे उघडत होती. मुख्य सिस्टरने बजावून ठेवलं होतं, लेकराजवळून हलायचं नाही, ते कॉटवरून पडलं तर आम्ही जबाबदार नाही. सलाईनच्या चाकाला हात लावायचा नाही. काही लागलं तर बेल आहे. या मुख्य सिस्टरना अख्खा दवाखाना पाठीमागे शांतताबाई म्हणायचा. त्यांना आवाज खपत नसे. भिंतीभिंतीवर 'शांतता राखा' त्यांनीच चिकटवलेलं.

चिमीचा हात सुईपाशी किंचित फुगलाय, हे तिने लगेच पाहिलं. डोळ्यांत तेल घालून बसणारीच ती. तिने बेल दाबली. मग दाबून धरली. पोर किंचाळायला लागली तेव्हा दाबत सुटली, हाका मारत सुटली. वॉर्डाचं काचेचं दार शांततेसाठी घट्ट लावलेलं होतं, शेजारची कॉट रिकामी, वॉर्डात दुसरं कोणी नाही. शेवटी लेकराला काखेत मारून, सलाईनचा स्टँड फरफटत ती बाहेर धावली, तोवर हात मनगटापर्यंत चकचकीत निळा पडला होता. औषध शिरेबाहेर जाऊन मांस जळलं होतं. जखम भरली, पण चिमीची दोन बोटं वळायची राहिली ती राहिलीच.

तिने तक्रार केली. तपासणीला साहेब आले, त्यांनी बटण दाबलं आणि सिस्टरच्या खोलीत बेल छान खणखणली. शांतताबाई हळहळून म्हणाल्या, बिचारी जागरणाने दमलेली, डोळा लागला असेल. साहेबांनी लिहून दिलं: बेल चालू स्थितीत आढळली, मातेस झोप लागली असावी.

झोप. हा एक शब्द तिच्या कपाळी चिकटला. नवऱ्याने तो कधी खोडून काढला नाही. सासूबाई मात्र चारचौघांत सांगायच्या, "आमच्या सूनबाईंना झोप फार प्रिय." सगळे हसायचे. तीही हसायची आणि दात आवळून ठेवायची. कधीतरी उट्टं काढायचं, हे तिच्या मनात भिजत पडलं होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

बोटांच्या व्यायामासाठी त्याच दवाखान्यात खेटे घालावे लागत. पिशवी धरायला सासूबाई सोबत. अशाच एका खेपेला व्यायामाच्या खोलीतल्या मुलीने सहज सांगितलं की शांतताबाई रिटायर झाल्या आणि आता इथेच आहेत, पडून मांडीचं हाड मोडलंय, बायकांच्या वॉर्डात.

"चला आई, भेटून येऊ," ती म्हणाली. सासूबाईंना सुनेचं मन एवढं मोठं वाटून भरून आलं.

दाराजवळच्या कॉटवर शांतताबाई पाय वजनाला टांगलेल्या अवस्थेत पडल्या होत्या. चेहरा कसनुसा. त्यांनी ओळखलं नाही. "ए बाई," त्या म्हणाल्या, "जरा मावशीला हाक मार. भांडं हवंय. केव्हाची थांबलेय."

तिने स्टूल ओढलं, चिमीला मांडीवर घेतलं आणि ऐसपैस बसली.

"बेल आहे ना उशाशी. दाबा की."

"वाजत नाही गं ती."

"असं कसं? पाटीवर लिहिलंय."

शांतताबाईंची नजर चिमीच्या हातावर गेली. मग वर, तिच्या तोंडावर. आजूबाजूच्या बायका माना वळवून बघू लागल्या. दुपारची करमणूकच झाली. एकीने तर नीट दिसावं म्हणून उशी उभी केली.

"का वाजत नाही, सिस्टर?"

"आत्ता ते कशाला? आधी मावशीला बोलाव."

"मला घाई नाही," ती म्हणाली. "तुम्हाला आहे."

शांतताबाईंनी डोळे मिटले. कपाळावर घाम. मग त्या पुटपुटल्या, आणि तिने चिमीची टोपी नीट करत, मोठ्याने सांगा म्हटलं, माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येतं. सासूबाईंना सुई पडलेली ऐकू येत असे. पण त्यांनी कानामागे हात धरला.

"सगळ्या वॉर्डांच्या वायरी मीच काढल्या होत्या," शांतताबाई म्हणाल्या. "सिस्टरच्या खोलीतून. सारखी खणखण. साहेब येणार म्हणून जोडल्या, गेले की पुन्हा काढल्या. नंतर कोणी जोडल्याच नाहीत."

"आणि मी?"

"तू जागी होतीस. तुझ्या हाका मला ऐकू आल्या. चहा संपवून येते म्हटलं." त्यांचा आवाज चिरकला. "सांगितलं ना आता. बोलाव कोणाला तरी."

सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. नुसत्या वाकल्या आणि कॉटखालचं भांडं काढायला गेल्या.

"आई, राहू द्या. बस चुकेल."

जन्मात पहिल्यांदा सासूबाईंनी सुनेचं ऐकलं. भांडं होतं तिथेच राहिलं. ती उठली, चादर हलक्या हाताने सारखी केली आणि शांतताबाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "बेल चालू स्थितीत आढळली आहे. दाबत राहा."

मागे बटणाची टकटक ऐकू येत होती. तिला ती गोड लागली. खोटं कशाला सांगा, अजून लागते.

बाहेर पडताना वाटेत मुलांच्या वॉर्डाचं काचेचं दार दिसलं, तसंच घट्ट लावलेलं. आत खिडकीजवळच्या कॉटवर एक तान्हं सलाईन लावून निजलेलं, शेजारी त्याची पोरसवदा आई मोबाईल बघत बसलेली. चिमीची आई दार ढकलून आत गेली आणि तिला म्हणाली, "बाई गं, ती बेल एकदा दाबून बघ. वाजणार नाही. हे दार उघडंच ठेव."

त्या आईने हसून मान डोलावली. अगदी तशीच. खाली बसने हॉर्न दिला, सासूबाई बाही ओढत होत्या, आणि ती निघाली. गाडीत बसल्यावर ते हसणं तिच्या डोळ्यांसमोर आलं, ते अजून हललेलं नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर मुलांच्या वॉर्डात जा. खिडकीजवळची कॉट. दार उघडं आहे का बघा, पोराचा हात सुईपाशी फुगला नाही ना बघा, आणि त्याची आई हसली तर तिच्यासमोर स्वतः बटण दाबून दाखवा. एवढं कराच. बायकांच्या वॉर्डात नाही डोकावलंत तरी चालेल.