ओस्टरमनच्या कार्डावरची पाठ

लायल ओस्टरमनचं आयुष्यात एकच बेसबॉल कार्ड निघालं, पोरं जमवतात तसलं खेळाडूच्या फोटोचं, आणि त्या कार्डावर मी आहे. म्हणजे माझी पाठ आहे. लायल धुरळा उडवत, धाव पुरी करायला होम प्लेटकडे घसरतोय आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेला कॅचर, तोंडावर जाळी, पाठीवर पट्टे, पट्ट्यांच्या आडून अर्धवट दिसणारा दोनचा आकडा, तो मी. वेंडेल क्रूगर, नंबर सत्तावीस. कार्डावर नाव अर्थातच फक्त लायलचं आहे.

आम्ही दोघं इंडियानातल्या हार्लन क्रीकचे. एकाच शाळेच्या संघात खेळलो, एकाच वर्षी दोघांना वरच्या लीगचं बोलावणं आलं, फक्त संघ वेगळे. तो दोन हंगाम टिकला. मी अकरा सामने. दोन हंगामवाल्याचं कार्ड निघतं, अकरा सामनेवाल्याचं निघत नाही. तेवढ्यावरून पन्नास वर्षं माझ्या पोटात दुखतंय, आणि ते मी कधी लपवलेलं नाही. एक लायल सोडला तर.

या वसंतात गावानं ठरवलं की शाळेच्या मैदानाला लायलचं नाव द्यायचं. माझी बायको आर्लीन पत्र वाचत होती आणि मी अंडी खात होतो. ती मला गेली नाहीत.

"दोन हंगामांना अख्खं मैदान?" मी म्हणालो. "मग मला निदान तिथला पाण्याचा नळ तरी द्या."

"बावीस वर्षं गावातल्या पोरांना फुकट शिकवलंय त्यानं, वेंडेल. त्याबद्दल आहे ते."

"असं? मग गावात लावलेल्या पोस्टरवर फोटो कुठलाय बघ."

पोस्टरवर कार्डच होतं, दाराएवढं मोठं केलेलं, आणि खाली लाल अक्षरांत 'सेफ!'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोटोत अंपायर नुसता वाकलेला आहे, त्याचा हात अजून हललेला नाही. त्याचा फायदा घेऊन लोक पन्नास वर्षं म्हणतायत की लायल वेळेत पोचला, आणि तो कधी नाही म्हणत नाही. मला पक्कं आठवत होतं की तो पोचला नव्हता. चेंडू आधी आला होता, चेंडूसकट ग्लव्ह त्याच्या घोट्याला लागला होता. समारंभात 'फोटोतला दुसरा माणूस' म्हणून मला तीन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी ठरवलं की हा सामना कुठला ते शोधायचं, त्या दिवशीचा पेपर मिळवायचा आणि माईकवर वाचून दाखवायचा.

"मैदान त्याचं त्याला राहू दे," मी आर्लीनला म्हणालो. "पण आऊट म्हणजे आऊट."

"पंच्याहत्तरीला आलास रे," ती म्हणाली आणि तिनं मला भिंग शोधून दिलं.

तीन आठवडे मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते कार्ड कोळून प्यायलो. लायलच्या अंगावर राखाडी कपडे, म्हणजे पाहुणा संघ त्याचा, मैदान आमचं. स्टँडची सावली प्लेटपर्यंत आलेली, म्हणजे दुपारचा सामना, आणि तोही संपत आलेला. लायलच्या मागं त्यांचा पुढचा फलंदाज बॅट टेकून बघत उभा आहे, त्याच्या छातीवर आठ नंबर. फोर्ट वेनच्या कार्डवाल्यांच्या क्लबमध्ये एक बाई आहे, मिसेस डोब्रोवल्स्की. तिला मी फोन केला. तिनं दुसऱ्या दिवशी कळवलं की तो आठ नंबर त्या संघात फक्त चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात होता, नंतर त्याला दुसऱ्या संघाला विकून टाकलं. त्या ऑगस्टात लायलचा संघ आमच्याकडे चार सामने खेळला. त्यातले दोन रात्री, दिव्यांच्या उजेडात. एक पावसानं तिसऱ्या इनिंगलाच धुऊन नेला. उरला एक, अठरा ऑगस्ट, रविवार.

मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. आर्लीननं गाडी काढली आणि आम्ही इंडियानापोलिसच्या मोठ्या ग्रंथालयात गेलो. जुने पेपर तिथं फिल्मच्या रिळांवर आहेत, यंत्रात घालून फिरवायचे. सोमवारचं पान समोर आलं आणि मी वाचलं: 'आठव्या इनिंगमध्ये ओस्टरमन होम प्लेटवर बाद झाला.'

"हाण तिच्या!" मी ओरडलो. चार लोकांनी वळून पाहिलं. बघू देत.

मग खाली खेळाडूंचा तक्ता होता. लायलचं नाव बघून झालं तसं सहज माझंही बघायला गेलो. 'क्रूगर, कॅचर. सातव्या इनिंगपासून टिबेट्स.'

मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. डॅरिल टिबेट्स, नंबर चोवीस. त्याचाही पहिला आकडा दोनच. सहाव्या इनिंगमध्ये माझ्या जागी दुसऱ्याला फलंदाजीला पाठवलं होतं आणि मला बसवलं होतं. हे मी साफ विसरलो होतो. विसरलो नव्हतो, गिळलं होतं. कारण त्या क्षणाची माझी जी आठवण होती, तिच्यात माझ्या तोंडात कायम सूर्यफुलाच्या खारट बिया असायच्या, आणि तोंडावर जाळी बांधून, आठव्या इनिंगला, बिया कुठला कॅचर चघळतो? बिया बेंचवर बसलेला चघळतो. मी ते सगळं बेंचवरून पाहिलं होतं, आणि नंतर कधीतरी उठून टिबेट्सच्या जागी जाऊन बसलो होतो.

गाडीत आर्लीननं विचारलं, "मिळालं?"

"मिळालं. आऊट आहे."

"मग तोंड असं का?"

मी त्या पानाचा छापून घेतलेला कागद तिच्याकडे दिला. तिनं तो पूर्ण वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आता," ती म्हणाली, "त्याला आऊट म्हणायचं तर तुला तुझी पाठ सोडायला लागणार."

"गाडी चालव."

शनिवारी समारंभ झाला. लायल पांढऱ्या टोपीत, गुडघ्याला पट्टा बांधून, सगळ्यांना मिठ्या मारत होता. लोक त्याच्यावर किती जीव टाकतात हे बघून माझं आणखीच जळलं. माझ्या तीन मिनिटांत मी शाळेच्या संघाबद्दल काहीतरी बोललो. कागद खिशातच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते त्यांचं त्यांना ठाऊक.

नंतर सह्यांची रांग लागली. लायल प्रत्येक कार्डावर सही करायचा आणि ते माझ्याकडे सरकवायचा. "ह्याची पण घ्या. ही पाठ ह्याची आहे. आमच्या गावात ह्याच्यासारखा कॅचर झाला नाही." मी सही करत होतो. पन्नास वर्षं करत आलोय, पण त्या दिवशी पेन जड झालं होतं.

रांग जरा थांबली तेव्हा मला राहवेना. "लायल, तू आऊट होतास."

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"म्हणजे आऊट होतो. टिबेट्सनं घोट्यावर ग्लव्ह असा हाणला होता की आठवडाभर लंगडत होतो. 'सेफ' त्या पोस्टरवाल्यांनी छापलंय. आता कोण भांडणार?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "टिबेट्सनं?"

"मग कुणी? तू बसला होतास की बेंचवर, तोंड पाडून. मी उठताना तुझ्याकडेच बघितलं."

"मग पन्नास वर्षं गावाला सांगतोयस ते? पाठ माझी म्हणून?"

लायलनं टोपी मागं सारली. तो जरा ओशाळला होता, आणि तेच मला सहन झालं नाही.

"टिबेट्सची स्वतःची तीन कार्डं आहेत रे," तो म्हणाला. "तुझं एकही नव्हतं. घरी परत आलास तेव्हा कुणाशी बोलत नव्हतास. मी एकदा म्हणून टाकलं. मग तूच सांगायला लागलास. मला वाटलं, तुलाही ठाऊक आहे."

कार्ड त्याचं होतं, मैदान त्याचं झालं होतं, एवढं मी सोसलं असतं. पण ज्या पाठीच्या जोरावर मी त्याचा इतकी वर्षं हेवा केला, ती पाठही त्यानंच मला दिली होती, न मागता, आणि तसं मला कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. इतकं चांगलं असायचा त्याला काय अधिकार होता? त्या क्षणी मला त्याचा जेवढा मत्सर वाटला तेवढा कार्ड निघालं तेव्हाही वाटला नव्हता.

तेवढ्यात मिसेस डोब्रोवल्स्की कॅमेरा घेऊन आली. फोर्ट वेनहून मुद्दाम आली होती.

"मिस्टर क्रूगर, एकदा फोटोतल्यासारखे बसता का? पाठमोरे? मिस्टर ओस्टरमनना समोर घेऊ."

लायल माझ्याकडे बघत होता. माझ्या खिशात कागद होता. मी वळलो आणि बसलो, गुडघे कडकड वाजले, आणि लोक हसून टाळ्या वाजवायला लागले. तिनं तीन-चार फोटो काढले.

मला उठता येईना. लायलनं हात पुढं केला, आणि मी तो धरला.