हरवलेली बेबीबाई

थावरा राठोडला बायको हरवायला नेमकं माहूरच मिळालं! लग्न होऊन पोराला मिशा फुटल्या, तरी कळमनुरीच्या बाजारापलीकडं दोघं मिळून कुठं म्हणून गेले नव्हते. शेवटी पोरगं, रणजीत, वैतागलं आणि दोघांना एसटीत कोंबून मोकळं झालं. रेणुकामातेचं दर्शन झालं, किल्ला बघून झाला. शेख फरीदच्या धबधब्यापाशी थावरा तंबाखू मळायला जरा बाजूला झाला. वळून बघतो तर बायको गायब!

खाली पाणी धो धो कोसळत होतं, दगडांवर हे एवढं शेवाळ. घसरली, गेली, दुसरं काय! थावरा धापा टाकत धबधब्याजवळच्याच पोलीस चौकीत शिरला.

"नाव काय त्यांचं?" पोलीसबाईनं विचारलं.

झालं, इथंच घोडं अडलं. त्यांच्या तांड्यावर बायकोचं नाव कोण घेतो? आयुष्यभर ती रणजीतची याडी, म्हणजे रणजीतची माय. थावरानं मुकाट्यानं तिचं आधारकार्ड पुढं केलं.

भोंगा सुरू झाला, "बेबीबाई राठोड हरवल्या आहेत. त्यांनी चौकीजवळ यावं." पुकारा पुन्हा पुन्हा झाला, कोणी येईना. थावराला पाण्याकडं बघवेना. अखेर लाज गुंडाळून ठेवली आणि त्यानं माइकच हिसकावला.

"ए रणजीतच्या याडीऽऽ! कुठं मेलीस गं?"

"काहून ओरडून राहिले?" चौकीमागच्या झाडाखालून आवाज आला. बाई निवांत भाजलेलं कणीस खात बसली होती. थावरा मटकन खालीच बसला आणि लेकरासारखा रडायला लागला.

"भोंगा ऐकू आला न्हाई व्हय तुला?"

"आला की! म्हणलं, कोणाची तरी बाई हरवली बिचारी. रेणुकामायला हात बी जोडले तिच्यासाठी."

"अगं, तुझंच नाव व्हतं ते!"

"बेबीबाई काय म्या एकलीच हाय? आन म्या कुठं हरवले व्हते? म्या इथंच बसले व्हते. हरवले ते तुमी!"

थावरानं नाक पुसलं आणि तिच्या हातातलं अर्धं कणीस घेतलं.

परतीच्या एसटीत ती त्याच्या खांद्यावर पेंगली. कळमनुरी आली तसं थावरानं इकडंतिकडं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या कानाशी म्हणाला, "बेबी, ऊठ. गाव आलं."

तिनं झोपेतच विचारलं, "सापडली का हो ती?"

"सापडली गं," थावरा म्हणाला. "सापडली."