चालून दाखव

रंजना दारापर्यंत चालत गेली, वळली आणि परत येऊन चटईवर बसली. मुलीला चालवून बघायची रीत लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या त्या एका खोलीच्या घरात चार पावलांत उरकत असे. पाहायला आलेल्या कलाबाईंचं समाधान झालं. त्यांच्या मुलाचं, ललितचं, झालं नाही.

"पुन्हा एकदा चालता का?" तो म्हणाला.

ललितने पाहिलेली ही सहावी मुलगी. 'खेळाडूंकडून व्यायाम करून घेतो' एवढं ऐकूनच आधीच्या पाच बापांनी चहा आवरता घेतला होता. आणि नेमकी हीच त्याला मनापासून आवडली होती.

रंजना पुन्हा चालली.

"डाव्या टाचेवर भार देत नाही तुम्ही. गुडघा दुखतो ना?"

कलाबाईंनी मुलाला चिमटा काढला. पाहण्यात मुलीच्या पायात खोट काढली की संध्याकाळपर्यंत गल्लीत ती लंगडी ठरते. ललित बिचारा मैदानावर दिवसाला वीस जणांना हेच सांगत असे.

"मनी पोर लंगडी शे का?" रंजनाचे वडील सुकलाल ताठ बसले.

"नाही हो. फार वेळ उभ्या राहत असतील."

"दिवसभर साड्यांच्या घड्या घालते, उभ्यानंच," रंजना म्हणाली.

ललितने उठून भिंतीला हात टेकला आणि गुडघा कसा वाकवायचा ते दाखवलं. कोणी अडवायच्या आत रंजनाही उभी राहिली. वीस वर्षं कापडाच्या लूमवर उभ्यानं काढलेले सुकलालही भिंतीशी गेले.

"मना बी दुखस," ते पुटपुटले.

कलाबाई एकट्याच चटईवर राहिल्या. त्यांनी लाजून चिवडा पुढे ओढला.

"नोकरी पक्की शे का?" सुकलालनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"नाही. दोन शाळांत हंगामी आहे. मे महिन्यात काम नाही, पगारही नाही."

"पुढे पक्की व्हई?"

"सांगता येत नाही."

"मंग लूमवर ये. शेठले मी सांगस. बारा तास, पन पक्कं."

 ललितने हो म्हटलं तर मुलगी मिळत होती.

"आबा, मंग यास्ना बी गुडघा जाई," रंजना म्हणाली. "आपल्याले व्यायाम शिकाडी कोन?"

सुकलालनी पाय बदलला आणि दहापर्यंत मोजलं. मग ते कलाबाईंकडे वळले.

"लगीन मे महिनामा धरूत," ते म्हणाले. "तवय याले कामच नही."