बावीस सेकंदांचं मरण

“अंकल, हा नीट मेला नाय,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट जयेश म्हणाला. “लाथ पोटात बसलीय त्याला. तुम्ही छातीतून ओरडलात.”

बोलणं खरं होतं. अँब्रोजने मान डोलावली, कोमट पाण्याचा घोट घेतला, माइककडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि ओठांतल्या ओठांत एक नाव घेतलं. मग वळला. पडद्यावर राखेने भरलेल्या रस्त्यात एका टकल्या दरोडेखोराच्या पोटात पुन्हा लाथ बसली, आणि अँब्रोज असा काही मेला की जयेशने कानावरचा हेडफोन जरा लांब धरला.

“हां, आता मेला. सत्तावीस झाले. चौदा राहिले.”

अँब्रोजचा धंदाच तो होता. परदेशी सिनेमे मराठी-हिंदीत उतरवतात तेव्हा नायक-नायिकेसाठी नावाजलेले आवाज बोलावतात. त्यांना न्यायला गाडी, त्यांना आल्याचा चहा. पण त्याच सिनेमात जे शेकडो लोक कड्यावरून पडतात, जळतात, तलवारीखाली येतात, त्यांचं कोण बघणार? त्यांच्यासाठी अँब्रोज. अठ्ठावीस वर्षं तो पोटापाण्यासाठी मरत होता. एवढ्या काळात अख्खं वाक्य असं त्याच्या वाट्याला कधी आलंच नाही. एकदा ‘पळा’ आलं होतं, तेही नंतर कापलं. बायको व्हेरोनिका म्हणायची, “जगात सगले एकदाच मरतात. माझा घोव रोज डबा घेऊन मरायला जातो.”

या खेपेचा सिनेमा जपानी होता. अँब्रोजने त्याला कार्टून म्हटलं तेव्हा जयेशला लागलं होतं. ॲनिमे म्हणायचं असतं. जग संपलंय, आभाळातून राख पडतेय, समुद्र आटलाय आणि त्याच्या तळाशी जहाजं आडवी पडलीत. बंदुकांच्या गोळ्या कधीच संपल्यात. उरलेली माणसं पाण्याच्या एकेका डबक्यासाठी हातापायांनी एकमेकांचे जीव घेतात. हाड मोडतं तेव्हा चित्र क्षणभर थांबतं, आवाजही थांबतो, आणि मग रक्त उडतं. ते रक्त काळं दाखवलं होतं. मागे अर्धे मोडलेले उंच टॉवर, खिडक्यांत चिटपाखरू नाही. सकाळी रिक्षातून येताना घोडबंदर रोडला अँब्रोजला जे टॉवर दिसले ते डिट्टो तसेच होते, फक्त त्यांच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

स्टुडिओसुद्धा असल्याच एका टॉवरच्या तळघरात होता. जयेशला माहीत नव्हतं आणि अँब्रोजने कधी सांगितलं नव्हतं, पण हा टॉवर ज्या जमिनीवर उभा होता ती त्याच्या बापाची. इथे भात पिकायचं. बांधाला विहीर होती, आणि अँब्रोजच्या अंदाजाने ती बरोबर माइकच्या खाली यायची. दोन टेकच्या मध्ये सगळं बंद असताना पायाखालून गारवा वर येतोय असं त्याला वाटायचं. एसीचा असेल, असं म्हणून तो मोजे वर ओढून घ्यायचा.

आता त्या नावांचं सांगायला हवं. पहिल्यांदा माइकपुढे उभा राहिला तेव्हा अँब्रोजला काही केल्या मरता येईना. ठेच लागल्यासारखा ओरडायचा. तेव्हाचा म्हातारा रेकॉर्डिस्ट रामा वैतागून म्हणाला, “अरे बाबा, कोण मरतोय ते तरी ठरव आधी.” अँब्रोजला गेल्याच महिन्यात वारलेला मामा आठवला. भिंतीकडे तोंड करून त्याने मामाचं नाव घेतलं, आणि पुढची किंकाळी ऐकून रामाने हातातली विडी विझवली. तेव्हापासून रीतच पडली. प्रत्येक मरणाआधी एक नाव, गेलेल्या माणसाचं, आणि एका सिनेमात एक नाव एकदाच. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी गावठाणातले लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. अँब्रोज वर्षभरात ज्यांची नावं घेतली त्या सगळ्यांच्या थडग्यांवर लावायचा. व्हेरोनिकाला हे बिलकूल पसंत नव्हतं. “सुखानं निजलेत ते. तू कशाला त्यांना उठवून परत मारतंस?” तो ते हसण्यावारी न्यायचा.

पण या सिनेमात माणसं ढेकणासारखी चिरडली जात होती. कॅलेंडरच्या मागे लिहून आणलेली तीस नावं जेवणाच्या सुट्टीआधीच संपली. मग त्याने आठवून आठवून शाळेचे मास्तर काढले, पाववाला काढला, चर्चमधली घंटा वाजवणारा काढला. चाळिसाव्या शिपायाला तर व्हेरोनिकाचा मेलेला बोका द्यावा लागला. तो शिपाई खरोखर जरा मांजरासारखाच मेला, आणि जयेश पोट धरून हसला.

“आता शेवटचा, अंकल. पण हा स्पेशल आहे. बावीस सेकंदांचं मरण.” जयेशने चित्र पुढे नेलं. “हा मुखवटेवाला. अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नाय, म्हणून तुमच्याकडे आलाय. हिरो त्याला मारतो, मग मुखवटा काढून बघतो तर आपलाच धाकटा भाऊ. हे जमलं ना, तर शेवटच्या पाट्यांत तुमचं नाव टाकतो. आईशपथ.”

अठ्ठावीस वर्षांत अँब्रोजचं नाव कुठल्याच पाटीवर आलं नव्हतं. आपल्याला त्याचं काही नाही, असं तो लोकांना सांगायचा, आणि ते साफ खोटं होतं. तो भिंतीकडे वळला. डोकं खाजवलं तरी नाव सापडेना. मागे चित्र सुरू झालं, राखेत मुखवटा पडल्याचा आवाज आला, आणि त्याच्या ओठांवर आपसूक एक नाव आलं. ओवेन.

पुढचे बावीस सेकंद त्याने काय केलं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. आधी आवाज आलाच नाही, नुसता श्वास. मग खोलवरून काहीतरी ओढत ओढत वर आलं, घशात अडकलं, लहान मुलाच्या हुंदक्यासारखं झालं, आणि मिटलं.

“अंकल,” जयेश म्हणाला, “हे कुठून आणलंत?”

अँब्रोजने पाण्याचा घोट घेतला. ओवेन हा त्याचा धाकटा भाऊ, आणि तो जिवंत होता.

निदान असायला हवा होता. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. शेत बिल्डरला द्यायचं खूळ ओवेनचं. त्याने मिनतवाऱ्या केल्या, भांडला, आणि शेवटी अँब्रोजच्या हाताला धरून सही करवून घेतली, मग डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्या दिवसापासून कुणी ओवेनबद्दल विचारलं की अँब्रोज म्हणायचा, “माझ्यापुरता तो मेला.” लग्नात म्हटलं, बारशाला म्हटलं, मासळी बाजारात म्हटलं. इतक्या वेळा म्हटलं की आज मेलेल्यांची नावं शोधताना ते नावही त्याच ढिगातून वर आलं.

“ऐका तर एकदा,” जयेशने टेक लावला.

हेडफोनमध्ये आधी तो श्वास आला. नाकात किंचित अडखळून घेतलेला. असा श्वास अँब्रोज घेत नसे, ओवेन घ्यायचा. दोघांचा आवाज लहानपणापासून एक. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “कोन बोल्ला रं?” फोनवर व्हेरोनिकासुद्धा फसायची. आता कानात ओवेन मरत होता, हळूहळू, बावीस सेकंद, आणि जयेश कौतुकाने त्याला पुन्हा पुन्हा मारत होता.

“पुस तो,” अँब्रोज म्हणाला.

“काय?”

“पुसून टाक, जयेश. मी परत देतो.”

जयेशला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघून त्याने हात वर केले. “द्या बाबा. पण पहिला मी पुसत नाय. सात वाजता फाइल पाठवायचीय, तोपर्यंत राहू दे.”

अँब्रोज भिंतीकडे वळला. या वेळी नाव शोधावं लागलं नाही. त्याने स्वतःचंच घेतलं. मरायचं तर मीच मरतो, असा हिशेब. बावीस सेकंद तो जीव तोडून मेला. जयेशने ऐकलं आणि मान हलवली.

“अंकल, हा मेला नाय. हा नुसता थकलाय.”

बाहेर येऊन अँब्रोजने व्हेरोनिकाला फोन लावला आणि ओवेनचा नंबर मागितला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने नंबर आणि पत्ता दोन्ही दिले.

“तुना कसा ठाव?”

“दर नाताळाला फराळ धाडते जावेला, क्रिस्टिनाला. तुला सांगून करायला हवा होता?” ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, “ईस्टरला फोन केलेला मी तिला. उचलला नाय. नंतर पण नाय. काय झाला रं?”

“काय नाय,” तो म्हणाला. ओवेनचा फोन बंद होता. पाच वेळा लावला, पाचही वेळा बंद.

जाताना दारातून जयेशला एवढंच म्हणाला, “मी फोन केल्याशिवाय पाठवू नको. पाया पडतो.” जयेशला कसंनुसं झालं. म्हातारा कधी कुणाच्या पाया पडणाऱ्यातला नव्हता.

ठाण्याहून डोंबिवलीची बस शिळफाट्याला अडकून पडली. रस्त्याचं काम चाललं होतं, धुळीने समोरचे ट्रक दिसेनासे झाले होते, आणि त्या पिवळट उजेडात अर्ध्या बांधलेल्या इमारतींचे सांगाडे रांगेने उभे होते. मघाच्या सिनेमातच आपण बसलोय असं अँब्रोजला वाटायला लागलं. त्याने खिडकीला डोकं टेकलं आणि देवाला सांगून टाकलं की ‘मेला’ हा शब्द माझा होता, ओवेनच्या नावावर घालू नकोस.

तिसऱ्या मजल्यावर दार क्रिस्टिनाने उघडलं. ओवेनची बायको. चांगली धट्टीकट्टी होती, आता वाळून काडी झाली होती. तिने अँब्रोजकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

“दादा,” एवढंच म्हणाली.

अँब्रोजची नजर तिच्या खांद्यावरून भिंतीवर गेली. येशूच्या तसबिरीपुढे लाल दिवा. शेजारी बापाचा फोटो, त्याच्या शेजारी आईचा. तिसरा फोटो नव्हता. त्याने पुन्हा एकदा पाहून घेतलं आणि मग कुठे उंबरा ओलांडला.

आतल्या खोलीतून ओवेन बाहेर आला. निम्मा झालेला. गळ्याला लहान पोराच्या लाळेऱ्यासारखं पांढरं फडकं बांधलेलं. श्वास घेतला की ते फडकं हलत होतं.

“घशाचा कॅन्सर,” क्रिस्टिना हळूच म्हणाली. “ईस्टरनंतर ऑपरेशन झाला. जीव वाचला, पण आवाजाची पेटी काढली. आता बोलू शकत नाय. फोन त्यांनी बंदच करून ठेवलाय, उचलून करायचा काय? तुम्हाला कळवायला पण देत नव्हते. बोल्ले… म्हणजे लिहून दिला, की दादाला नको सांगू, तो येनार नाय.”

अँब्रोज खुर्चीत बसला. दुपारी हेडफोनमध्ये ऐकलेला तो आवाज आता याच्या गळ्यात नव्हता. दोन महिने झाले, कुठेच नव्हता. आपण तो कुठून आणला? त्याने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ओवेन समोरच्या पलंगावर बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. बोलायची सवय अजून गेली नव्हती. लिहायची पाटी शेजारी पडली होती, पण तिची आठवण त्याला नंतर व्हायची. अँब्रोज त्या ओठांकडे बघत राहिला. पडद्यावरचे हलते ओठ बघण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं.

“मना बघाया आयलास काय, मेलो का जिता हाय?” अँब्रोजच्या तोंडून ओवेन बोलला.

क्रिस्टिनाच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. ओवेनने गळ्याच्या फडक्यावर हात ठेवला, जणू आवाज तिथूनच आला होता.

“हां,” अँब्रोज आपल्यासाठी म्हणाला. “त्याच्यासाठीच आलो. माफ कर मला.”

ओवेनचे ओठ पुन्हा हलले, आणि अँब्रोजने बोलून दाखवलं, “तू कर. सही मी करवलेली.”

तेवढ्यात फोन वाजला. जयेश होता. “अंकल, सात वाजले. काय करू?”

“पुस तो.”

“अहो, पाट्यांत तुमचं नाव टाकून झालंय. तो थकलेला लावला तर ते राहायचं नाय. परत असा टेक जन्मात होणार नाय तुमच्याकडून.”

“नाव काढ,” अँब्रोज म्हणाला. “माझ्यासमोर पुस. ऐकू दे मला.”

पलीकडे कळ दाबल्याचा बारीकसा आवाज झाला. अँब्रोजने फोन खिशात ठेवला. त्याला वाईट वाटलं, खूप वाटलं, ते लपवायचं कारण नाही.

ओवेन आता बायकोकडे बघत होता. ती फ्रिजजवळ पाठ करून उभी होती. त्याने ओठ हलवले, आणि अँब्रोजने त्यांच्याकडे नीट बघून, एक अक्षर मागेपुढे होऊ न देता म्हटलं, “किस्टू, चाय टाक ना. दादाला बिनसाखरेची.”

क्रिस्टिनाने वळून पाहिलं नाही. तशीच स्वयंपाकघरात गेली. भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला, गॅस पेटल्याचा मात्र आला नाही.

“काय बोल्लास?” तिने आतून विचारलं. “ऐकू नाय आयला.”

ओवेनने पुन्हा ओठ हलवले.

“चाय टाक बोल्लो,” अँब्रोज म्हणाला.

“परत बोल,” ती म्हणाली.